कुमुदताईंचा कॉलम आणि माझे डोळे

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत अजून.

माझ्या हातात माईक पहिल्यांदाच आलाय. अमेयदादा, म्हणजे ताईंचे चिरंजीव, मला दोनदा म्हणाले की तुम्ही बोला, आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. इथं पेपरातली मोठी माणसं आलीत. मालिकांमधले चेहरे आलेत, ज्यांना मी रोज बघते आणि जे मला ओळखत नाहीत. सोसायटीतले शेजारी आहेत, आमच्या करावे गावातली माणसं आहेत. या सगळ्यांसमोर मी काय बोलणार? पण एक गोष्ट अशी आहे, जी आता फक्त मलाच माहीत आहे. आज नाही बोलले तर परत कधी धीर व्हायचा नाही. म्हणून उभी राहिले. आवाज कापतोय, कापू दे.

मी रंजना तांडेल. कुमुदताई साखळकरांकडे, इथं जुईनगरला, नऊ वर्षं स्वयंपाक केला. ताई जाऊन आज बारा दिवस झाले, तरी सकाळी मी पहिली कणीक त्यांचीच मळायला घेते. मग आठवतं.

ताई कोण होत्या हे तुम्हाला मी सांगायला नको. पंचवीस वर्षांहून जास्त काळ दर शुक्रवारी त्यांनी पेपरात मालिकांवर लिहिलं. इथं बसलेल्यांपैकी किती जणांनी शुक्रवारी सकाळी घाबरत पेपर उघडला असेल? हसताय, म्हणजे आहेत बरेच. मी मालिकांची नावं घेत नाही. ज्यांच्या आहेत ते समोरच बसलेत.

मी कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी ताईंनी मला विचारलं, तू कुठल्या मालिका बघतेस. मी तीन सांगितल्या. तिन्हींवर त्यांनी पेपरात टीका केली होती, ते मला कुठं माहीत? त्यांनी तसं सांगितलं. मी पोळी लाटता लाटता म्हटलं, मग बरंय मी पेपर वाचत नाही ते. मला वाटलं गेलं काम. ताईंनी गॅस बंद केला, स्टूल ओढलं आणि बसल्या. म्हणाल्या, "आता मला सांग, तू का बघतेस?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं कधी. मी आपलं सांगत सुटले. त्या सासू-सुनांच्या मालिकेबद्दल मी म्हटलं, ताई, बाकी सगळं ठीक आहे, पण ती सून सगळ्यांना वाढते आणि जेवत कधीच नाही. मी किती महिने बघतेय, तिच्या तोंडात एक घास गेलेला दिसला नाही. ताई उठल्या आणि तडक आतल्या खोलीत गेल्या. शुक्रवारी तेच छापून आलं. दोन-तीन आठवड्यांनी मालिकेत सून पाटावर बसली आणि वरणभात जेवली. सोसायटीतल्या बायका एकमेकींना फोन करत होत्या, बघितलंस का, जेवली. ती मालिका करणारे दादा तिकडे तिसऱ्या रांगेत बसलेत, मान हलवताहेत.

ताईंचं लिहिणं असं असायचं. वाईट आहे एवढं म्हणून त्या थांबायच्या नाहीत, कुठं वाईट आहे ते बोट ठेवून दाखवायच्या. आणि जे चांगलं त्याच्यासाठी भांडायच्या. दोन म्हाताऱ्या मैत्रिणींची एक मालिका होती, ती कुणी बघत नव्हतं. ताईंनी लागोपाठ चार शुक्रवार तिच्यावरच लिहिलं. मालिका बंद पडायची ती पडलीच. मी म्हटलं, एवढं लिहून काय उपयोग झाला? त्या म्हणाल्या, ज्यांनी केली त्यांना तरी कळलं की कुणीतरी नीट बघत होतं.

नीट बघणं. ताईंचं सगळं आयुष्य त्यावर उभं होतं, आणि तेच त्यांच्याकडून गेलं.

मला कामाला लागून चार वर्षं झाली असतील. एक दिवस दुपारी मालिका लागली होती आणि ताईंनी विचारलं, आता कोण आलं गं? मला वाटलं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत. मग एकदा दारात त्यांची जुनी मैत्रीण उभी होती, आणि ती बोलेपर्यंत ताईंनी त्यांना ओळखलं नाही. मैत्रीण गेल्यावर ताई मला म्हणाल्या, इकडे ये. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला होता. कडेकडेचं दिसायचं. दार कुठं, ट्यूब कुठं, साडी लाल की हिरवी, एवढं कळायचं. जिथं सरळ बघायचं, तिथं मात्र सगळं पुसलेलं. समोर माणूस असला की त्याचा चेहराच नसायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही.

अमेयदादा, तुम्ही पुण्याला होता. तुम्हाला कळवू दिलं नाही त्यांनी. पेपरातही नाही. मी विचारलं का, तर म्हणाल्या, "मी बघत नाही हे कळल्यावर माझं मत कोण वाचेल, रंजना?"

याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे आहे?

तेव्हापासून मी बघायला लागले आणि त्या ऐकायला. दुपारी जेवणं झाली की मोठ्या टीव्हीवर आम्ही रात्रीचे भाग लावायचो. मी सोफ्यावर त्यांच्या शेजारी, हातात वही. माझं शिक्षण दहावी, पण अक्षर बरं आहे. त्या सांगायच्या, मी लिहायचे, आणि पानाचा फोटो काढून पेपरात पाठवायचे. अक्षर बदललं कसं असं तिकडून विचारलं, तर मनगट दुखतंय म्हणाल्या.

बघायचं कसं ते त्यांनी मला शिकवलं. मी म्हणायचे, ती चिडली. त्या म्हणायच्या, चिडली हे तुला कशावरून कळलं? मी म्हणायचे, भुवया वर गेल्या. मग तेवढंच सांग, चिडली की नाही ते मी ठरवते. मी म्हणायचे, रडली. त्या म्हणायच्या, डोळ्यांत पाणी आलं का? गालावर आलं का? की पदर लावला नुसता? पहिले दोन महिने मला रडायला यायचं, सांगते ना. रोज परीक्षा. पण हळूहळू माझंच बघणं बदललं. नवरा घरी आला की तो काय बोलतोय त्याच्याआधी मला त्याचे खांदे दिसायला लागले. टेन्शनमध्ये आहे की नाही, ते मी आधीच ओळखायचे.

आणि ताईंचे कान. बाप रे. त्या म्हणायच्या, हे दोघं भांडतायत, पण अभिनय तर मागचं संगीतच करतंय, ते काढून टाकलं तर काहीच उरणार नाही. म्हणायच्या, या बाईचा आवाज नंतर भरलाय, खोली मोठी आहे आणि आवाज छोट्या खोलीतला आहे. तुम्ही लोकांनी तेव्हा ताईंना फोन करून सांगितलं होतं, तुमचं लिखाण अजून धारदार झालंय म्हणून. दोन वर्षं अशी गेली. कुणालाच कळलं नाही.

आता मी जे सांगायला उभी राहिले ते सांगते.

माझ्या चुलतभावाची मुलगी हर्षाली. ती आज इथं आहे, त्या खांबाशेजारी. कॉलेजात नाटकं करायची. तिला एका नव्या मालिकेत काम मिळालं. खाडीकाठच्या गावाची गोष्ट, आणि ही कोळ्याची मुलगी. करावे गावात केवढा आनंद झाला म्हणून सांगू. देवळासमोर बॅनर लागला. मालिका लागली की गल्ल्या रिकाम्या.

एका भागात तिचा मोठा प्रसंग होता. बापाची होडी परत आलेली नाही, आणि ही जेट्टीवर उभी राहून खाडीकडे बघतेय. बापाला हाक मारते. मग कितीतरी वेळ कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरच. तो भाग लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनीचा, म्हणजे तिच्या आईचा, मला फोन आला होता. ताईंना सांग ना, चार शब्द चांगले लिहा म्हणावं, पोरीचं पुढचं सगळं त्यावर आहे. मी म्हटलं, ताई असं ऐकत नाहीत. पण डोक्यात ते राहिलं.

दुपारी आम्ही तो भाग लावला. मी नीट बघितलं. मला ताईंनीच शिकवलेलं, नीट नाही बघणार तर काय? हर्षालीच्या डोळ्यांत काही नव्हतं. ती खाडीकडे बघतच नव्हती. कॅमेऱ्याच्या बाजूला कुणीतरी होतं, तिथं तिची नजर जात होती, परत येत होती.

ताईंनी विचारलं, काय दिसतंय?

मी म्हटलं, डोळे भरलेत. पापणी हलत नाहीये. ओठ थरथरतोय. पाणी आलंय पण खाली पडू देत नाहीये.

एका दमात सगळं खोटं. मला वाटलं होतं की ताई शंका घेतील, परत विचारतील. त्या एवढंच म्हणाल्या, लिही. आणि मी माझ्याच हातानं लिहिलं की इतके संयमी डोळे छोट्या पडद्यावर फार दिवसांत दिसले नव्हते.

शुक्रवारी छापून आलं. गावात पेढे वाटले. संध्याकाळपर्यंत मात्र तो प्रसंग मोबाईलवर फिरायला लागला. वर हर्षालीचा चेहरा, नजर इकडून तिकडे जातेय, आणि खाली ताईंचं ते वाक्य. लोक हसत होते. पोरीला हसत होते आणि ताईंना हसत होते. मलाही तीन ठिकाणांहून आलं, खाली हसणारे चेहरे टाकून.

संपादक साहेब, तुम्ही शनिवारी फोन केलात. तुम्ही फार सांभाळून विचारलंत, ताई, तुम्ही तो भाग बघितला होता ना? त्या हो म्हणाल्या. तेवढंच. मी ओट्यापाशी उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. फोन ठेवून त्या भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात आल्या.

म्हणाल्या, "रंजना, पडद्यावर काय होतं?"

मी इथं तुमच्याशी जपून बोलतेय. पण घाबरले की माझी गावची बोली बाहेर येते. मी म्हटलं, "ताई, तिच्या डोल्यान पानी नव्हतं. ती बाजूला कुनाकडं तरी बघत होती. मी तुमाला खोटं सांगलं. ती माझ्या भावाची पोर हाय."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या तिथंच स्टुलावर बसल्या. मी भांडी घासत राहिले, घासलेलीच परत घासली. मग त्या म्हणाल्या, तो भाग परत लाव. आम्ही परत बघितला. त्यांनी थांबवत थांबवत विचारलं आणि मी जसं होतं तसं सांगितलं. संपल्यावर म्हणाल्या, वही आण.

त्यांनी सांगितलेलं पहिलं वाक्य असं होतं, की मागच्या शुक्रवारी मी ज्या डोळ्यांचं कौतुक केलं ते मी पाहिलेले नाहीत. पुढे सगळं लिहायला लावलं. दोन वर्षं मला कुणाचाही चेहरा दिसत नाही. माझ्या शेजारी बसून दुसरं माणूस बघतं आणि मला सांगतं. हे वाचकांपासून लपवलं. चूक माझी.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, चूक तुमची नाही, मी खोटं सांगितलं ते लिहा, नाहीतर मी लिहिणार नाही. आमचं भांडण झालं. नऊ वर्षांतलं ते एकच मोठं भांडण. त्या म्हणाल्या, कॉलमवर नाव माझं आहे, तर चूकही माझीच. मी म्हटलं, लोक तुम्हाला हसतील. त्या म्हणाल्या, "मला हसतील ते मी सोसेन. तुला हसले तर तू परत बघायची नाहीस."

शेवटी त्यांचंच झालं. माझं नाव आलं, पण कसं? माझ्यासाठी बघणारी रंजना तांडेल, तिचे मी आभार मानते, असं. खोटं बोलल्याचा एक शब्द नाही.

मंडळी, आज इतक्या वर्षांनी मी ते पुरं करतेय. ती चूक कुमुदताईंची नव्हती. माझी होती. ज्यांनी तेव्हा म्हटलं की बाईंचं वय झालं, बाई काहीही लिहायला लागल्या, त्यांच्यापैकी कुणी इथं असेल तर त्यांनी ऐकावं. ताईंनी जेवढं ऐकलं आणि मी जेवढं सांगितलं, त्यावर त्यांनी बरोबरच लिहिलं होतं. सांगणारीनं दगा दिला. हर्षाली, तुलाही हे आजच कळतंय. माफ कर गं. तुझं हसं झालं ते माझ्या प्रेमामुळे झालं.

पुढचं सगळं मात्र चांगलं झालं, ते सांगायला मला बळ येतंय.

दोन शुक्रवार कॉलम आला नाही. संपादक साहेबांना वरच्या लोकांशी बोलायचं होतं. अमेयदादा पेपर वाचून पुण्याहून आले. दारातून आत आले आणि आईशी बोलेचनात. चहा झाला, जेवण झालं, तरी गप्प. मग टीव्ही लावला, आणि आईच्या शेजारी बसून मला म्हणाले, तुम्ही जरा पोळ्या करा, आज मी सांगतो. त्यांना काही जमलं नाही. आई दर मिनिटाला विचारत होती, कशावरून, कशावरून. तेव्हा मायलेक पहिल्यांदा हसले.

आणि पत्रं आली. काहींनी लिहिलं, जिला दिसत नाही तिनं मालिकांवर का लिहावं? एका निर्मात्यांनी तर तसं बोलूनही दाखवलं. पण बाकीची पत्रं वेगळी होती. बेलापूरच्या एका निवृत्त मास्तरांनी कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. मलाही दिसत नाही, मी रोज मालिका ऐकतो, घरात कुणाला विचारलं की काय झालं तर म्हणतात काही नाही हो, तुमच्याकडे कुणी रंजना आहे तशी मला कुठं मिळेल? ते पत्र मी ताईंना चारदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, मास्तरांना बुधवारी दुपारी बोलाव.

कॉलम परत सुरू झाला. त्याच्याखाली दर वेळी एक ओळ यायची, की हे कुणी ऐकलं आणि कुणी पाहिलं. मला सवय व्हायला वेळ लागला. माझं नाव रेशनकार्डाबाहेर कुठं छापलेलं मी बघितलं नव्हतं.

हर्षाली एके दिवशी आली. डोळे सुजलेले. मालिका सोडते म्हणाली. ताईंनी तिला गोड काही सांगितलं नाही. म्हणाल्या, बापाला हाक मारलीस तो आवाज मी स्वतः ऐकलाय, तो खरा होता. नजर मात्र बाजूला जात होती. तिथं कोण होतं? हर्षालीनं सांगितलं, संवादाचा कागद धरून एक जण उभा होता. विसरेन अशी भीती वाटत होती. ताई म्हणाल्या, मग पाठ करून जात जा, म्हणजे खाडी दिसेल. बस्स. माझ्या खोट्याबद्दल एक अक्षर नाही. त्या दिवशीही त्यांनी मला झाकलं.

पुढे सहा-सात महिने ही पोरगी आमच्या घरी भाकरी करता करता संवाद म्हणायची. मग मालिकेत तिच्या बहिणीच्या पाठवणीचा प्रसंग आला. ताईंनी मला विचारलं, काय दिसतंय. मी दिसलं तेवढंच सांगितलं. त्यांनी विचारलं, खरं? मी म्हटलं, खरं. त्यांनी लिहिलं, या मुलीची नजर आता समोरच्या माणसावर आहे. दोनच ओळी. हर्षालीनं ते कात्रण लॅमिनेट करून घेतलंय. बॅनरपेक्षा तेच जपते.

आणि बुधवारी मास्तर आले. पुढच्या बुधवारी अजून दोघी आल्या, त्यांनाही दिसत नव्हतं. घर पुरेना, तेव्हा सोसायटीनं हाच हॉल दिला. आज ऐकणारे अकरा जण आहेत. ही पुढची अख्खी रांग आमचीच. मी पडदा सांगते, मंडळी ऐकतात आणि मग भांडतात. ताई म्हणायच्या, मला अकरा टीकाकार मिळाले, आणि एकही माझं ऐकत नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा काय फुलायचा.

ताई गेल्या त्या आठवड्यात बुधवार आलाच. मला वाटलं, या वेळी राहू दे. माझ्याच्यानं बोलवत नव्हतं. दुपारी तीन वाजता खाली आले तर सगळे आधीच येऊन बसलेले. मास्तरांनी विचारलं, रंजनाबाई आल्या का? मी हो म्हटलं, आणि मागे जाऊन बसले. तेव्हा हर्षाली पुढे आली. शूटिंगला सुट्टी होती तिला. तिनं टीव्ही लावला आणि सांगायला लागली, दार उघडलंय, एक बाई आत आलीय, हातात पिशवी आहे. सुरुवातीला अडखळली. मास्तरांनी तिला लगेच विचारलं, पिशवी कापडी की प्लास्टिकची? ती थांबली, नीट बघितलं, आणि म्हणाली कापडी. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. माझ्या मनात आलं, चालेल हे. आपल्यावाचूनही चालेल.

संपादक साहेबांनी मला विचारलंय की शुक्रवारची जागा तुम्ही चालवाल का. मी विचार करते म्हटलं होतं. विचार झाला. मी एकटी नाही चालवणार. हे अकरा जण, मी आणि ही मुलगी मिळून चालवू. तुमच्या मालिका आम्ही ऐकू आणि बघू, आणि जसं असेल तसं लिहू. तिसऱ्या रांगेतल्या दादांनी आत्ताच घाम पुसला.

बास, आता मला पुढे बोलवत नाही. ताई, तुम्ही मला झाकलंत, त्याची परतफेड आज एवढीच जमली.

मी सगळ्यांना विनंती करते की दोन मिनिटं उभं राहून शांत राहू या. पुढच्या रांगेतल्या मंडळींना दिसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. अमेयदादा उभे राहिलेत. संपादक साहेब उभे आहेत. सोसायटीची मंडळी, पेपरवाले, मालिकावाले सगळे उठलेत. आमच्या करावेच्या बायका उठल्यात, डोक्यावर पदर घेतलाय. मास्तर, आता तुम्हीपण उठा, हर्षालीचा हात धरा. हॉल भरलाय, मास्तर. दारापर्यंत माणसं आहेत.